दिवा, ओसरी आणि विद्यार्थी

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांच्या गुरुजनांची नावे आपणांस कळतात, त्यांनी मिळविलेल्या पदव्या व पारितोषिके कळतात. परंतु विद्यार्थिदशेत तो मनुष्य नेमका कोठे बसून वाचीत असे, ही गोष्ट चरित्रकार बहुधा एका वाक्यात आटोपतात. ती तशी आटोपण्याजोगी नाही. ज्याने परीक्षेचा फाल्गुन-चैत्र दोन खणांच्या भरल्या घरात काढला असेल, त्यास हे सांगावयास नको. पुस्तक शेजाऱ्याकडून उसने आणता येते, फी एखादा आप्त भरतो. पण चार तास कोणी उठविणार नाही अशी जागा मिळणे फार दुर्घट. ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून गुणवंत विद्यार्थ्यांची नावे दरवर्षी छापली जातात. त्यांतील बहुतेक नावांमागे एखादी ओसरी, एखादे झाड, एखादे देऊळ किंवा रस्त्यावरचा दिवा असतो. त्या जागांचा थोडा इतिहास येथे सांगावा, असा विचार आहे.

प्रारंभ आपल्या श्रीगोंद्यापासूनच करू. जुन्या कागदपत्रांत हे गाव चांभारगोंदे या नावाने येते. गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून हे नाव पडले, असे ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरात नमूद आहे. पुढे नावातील 'चांभार' गेला आणि 'श्री' आला. ज्या गावास एका चर्मकार भक्ताचे नाव मिळाले, त्या गावीही इतर गावांप्रमाणेच त्याच्या जातभाईंना देवळाची ओवरी शतकानुशतके बंदच होती. ही विसंगती वाचकांनी लक्षात ठेवावी. प्रस्तुत विषयाचे मर्म तिच्यातच आहे.

याच गावी सतराव्या शतकात 'योगसंग्राम'कर्ते संत शेख महंमद होऊन गेले. मुसलमान कुळात जन्मलेल्या या सत्पुरुषाने मराठीत अध्यात्मपर ग्रंथरचना केली आणि वारकऱ्यांनी त्यांस आपलेसे मानले. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्यांस येथे जागा दिली, असे परंपरा सांगते. त्या काळी विद्या म्हणजे मुख्यतः ऐकण्याची गोष्ट होती. हस्तलिखित पोथी एक, वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास. अशा विद्येस एकांत नको असतो. दिवा एक पुरतो आणि ओवरी मोठी असली म्हणजे झाले. पुढे श्रीगोंदे शिंद्यांच्या जहागिरीत आले, महादजी शिंद्यांचे वाडे येथे उभे राहिले. वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळाच्या सोप्यात पंतोजीची शाळा भरावी, मुलांनी धूळपाटीवर अक्षरे गिरवावी आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे एका सुरात म्हणावे, हा क्रम त्या काळी महाराष्ट्रातील सर्व कसब्यांतून होता. शाळा सुटली की अभ्यासही सुटे. घरी जाऊन वेगळे बसावयाचे काही कारणच नव्हते.

विद्यार्थ्याला स्वतंत्र जागेची गरज उत्पन्न झाली ती छापील पुस्तक आणि विद्यापीठाची परीक्षा या दोन गोष्टींमुळे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली मॅट्रिक्युलेशनची पहिली परीक्षा झाली. तेव्हापासून आपल्याकडील विद्यार्थी मनात वाचू लागला. मोठ्याने घोकणाऱ्यास शेजारच्याचा आवाज बाधत नाही. मनात वाचणाऱ्यास जात्याची घरघरही बाधते. आपली घरे मात्र त्या नव्या विद्येसाठी बांधलेली नव्हती. माजघरात स्त्रिया, ओसरीवर पाहुणे, पडवीत गुरे आणि साऱ्या घरात मिळून एक कंदील. दिवेलागणीनंतर तो कंदील जेथे स्वयंपाक तेथे, आणि निजानीज झाल्यावर तेलाची काटकसर म्हणून तोही मंद. अशा घरातील मुलाने वाचावयाचे कोठे?

श्रीगोंद्याच्या मुलास तर आणखी एक अडचण होती. नगर जिल्ह्यात १९४७ पर्यंत महाविद्यालयच नव्हते. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर ही स्टेशने त्यावर आली. आणि उच्च शिक्षणाची आकांक्षा धरणारा मुलगा वळकटी घेऊन दौंडमार्गे पुण्यास जाऊ लागला. त्याच्यापुढे प्रश्न दोन : जेवावयाचे कोठे आणि बसावयाचे कोठे.

पुण्यातील ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरते या प्रश्नांना समाजाने एक उत्तर शोधून ठेवले होते. वार लावून किंवा माधुकरी मागून जेवावे आणि कोणाच्या वाड्यातील खोलीत अथवा देवळाच्या ओवरीत पथारी टाकावी. हे जीवन सुखाचे होते असे कोणी समजू नये. सात घरी सात वार जेवणाऱ्या मुलास सात घरचे मान-अपमान गिळावे लागत. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, त्यामागे हीच कळकळ होती. डेक्कन कॉलेजात शिकत असताना गोपाळ गणेश आगरकर आपला एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी अंगात घालीत, असे सांगतात. पण आगरकरांना निदान कॉलेजात खोली होती. येरवड्याच्या माळावरील त्या दगडी इमारतीत टिळक आणि आगरकर यांचे जे वाद रंगले, त्यांतून न्यू इंग्लिश स्कूल आणि पुढे १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. दोन तरुणांना रात्री उशिरापर्यंत निर्धास्त बसता येईल अशी जागा मिळाली, म्हणजे केवढी गोष्ट घडून येते, याचे हे एक उदाहरणच होय.

१८९५ साली फर्ग्युसन कॉलेज भांबुर्ड्याच्या मोकळ्या जागेत गेले आणि त्यामागची टेकडी ही पुण्याच्या विद्यार्थ्यांची जणू बिनभाड्याची खोली झाली. पहाटे टेकडीवर जाऊन एखाद्या खडकास पाठ टेकून वाचणारा विद्यार्थी हे त्या भागातील नित्याचे दृश्य आहे. तेथे प्रवेशशुल्क नाही, जात विचारणारा कोणी नाही, आणि उजेड तर सूर्यनारायणाचा. माझ्या मते महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांस सर्वांत प्रिय असलेल्या जागांची यादी केली, तर टेकडीचा क्रम ग्रंथालयाच्याही वर लागेल. उन्हाळ्यात नऊनंतर मात्र ती सोडावी लागते, आणि पावसाळ्यात तिचा उपयोग नाही.

ग्रंथालये आपल्याकडे तशी जुनी आहेत. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ सालचे. परंतु ही वाचनालये मुख्यतः वर्गणीदार गृहस्थांसाठी होती. पेन्शनर मंडळींनी वृत्तपत्रे वाचावी, कारकुनांनी कादंबरी न्यावी, हा त्यांचा परिपाठ. आपलीच वही आपलेच पुस्तक घेऊन येणाऱ्या आणि चार तास खुर्ची अडविणाऱ्या विद्यार्थ्याकडे ग्रंथपाल थोड्या साशंक नजरेनेच पाही. ही नजर पुष्कळ ठिकाणी अजूनही गेलेली नाही. प्रस्तुत लेखकास एका वाचनालयात 'येथे घरची पुस्तके वाचण्यास मनाई आहे' अशी पाटी दिसली होती. त्या पाटीखालीच चार मुले घरची पुस्तके वाचीत बसली होती आणि व्यवस्थापकांनी तिकडे काणाडोळा केला होता, हे त्या गृहस्थांच्या पुण्याईचे लक्षण म्हणावयाचे.

आता, ज्यास ओवरी नाही, वार नाही आणि वर्गणीही नाही, अशा विद्यार्थ्याने काय करावे? याचे उत्तर एका थोर चरित्रातच पाहू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब साताऱ्याहून मुंबईस आले आणि परळ भागातील डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. तीच खोली स्वयंपाकाची, तीच निजावयाची, तीच अभ्यासाची. भांडीकुंडी, सरपण, धूर आणि माणसे यांनी ती भरलेली. दोघांनी एकाच वेळी अंग पसरावे एवढीही सोय नसल्याने वडील सुभेदार रामजी यांनी एक तोड काढली. मुलाने लवकर निजावे, तोवर वडिलांनी जागत बसावे. पहाटे दोन वाजता त्यांनी मुलास उठवावे आणि आपण त्याच्या जागी आडवे व्हावे. साऱ्या चाळीत जेव्हा शांतता असे, तेव्हा घासलेटच्या चिमणीपुढे हा मुलगा वाचावयास बसे. जागा निर्माण करता येत नाही, तेव्हा वेळेतून ती काढावी लागते, हे त्या वृद्ध लष्करी शिक्षकाने जाणले होते. आपल्या मुलाला त्यांनी पुस्तके दिली, हे सर्वजण सांगतात. त्यांनी त्याला आपली झोपण्याची जागा दिली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

संध्याकाळी हा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. तेथेच विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर येत असत. रोज एकटाच वाचीत बसणारा हा मुलगा कोण, म्हणून त्यांनी चौकशी केली, आणि त्या ओळखीचे पुढे काय झाले हे महाराष्ट्रास विदित आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला. केळूसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. आणि पुढील शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकणारेही केळूसकरच. त्या मुलास घरी स्वतंत्र खोली असती, तर तो बागेत आला नसता. पण म्हणून खोली नसणे हे भाग्य होते असे कोणी म्हणेल, तर त्यास इतकेच विचारावे की बागेत केळूसकर न भेटलेली मुले किती?

मुंबईच्या बागेत अस्पृश्य मुलास बसता आले, कारण ती शहराची बाग होती आणि तेथे कोणी कोणास ओळखत नव्हते. श्रीगोंद्यासारख्या गावी हे शक्य नव्हते. तेथे प्रत्येक पाराचा आणि प्रत्येक ओट्याचा धनी ठरलेला. गावच्या देवळाइतकी थंड, स्वच्छ आणि निवांत जागा दुसरी नाही; आणि तीच बंद. धर्मशाळा, चावडी, सरकारी शाळेची ओसरी यांविषयीही हेच. १९०७ च्या त्या सत्काराचे अध्यक्ष असलेल्या बोले यांनीच ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात ठराव आणला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या या सर्व अस्पृश्यांस खुल्या असाव्या. ठराव संमत झाला, अंमल मात्र सावकाश झाला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू होऊन काही वर्षे चालला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. या लढ्यांचा इतिहास आपण मानवी हक्कांचा इतिहास म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पाणवठा आणि गाभारा यांच्या जोडीने सावलीची एक ओवरीही त्यांतून मोकळी होत होती, आणि तिचा सर्वांत गरजू उमेदवार तो गरिबाचा शिकणारा मुलगा होता.

खासगी दयेवर न विसंबता विद्यार्थ्यास हक्काची जागा देण्याचा पहिला मोठा उद्योग कोल्हापुरास झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजसाठी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. पण व्यवहारात त्याचा लाभ एकाच वर्गास होत गेला. खेड्यातून मॅट्रिक होऊन आलेल्या पांडुरंग चिमणाजी पाटील या विद्यार्थ्यास कोल्हापुरात राहावयास जागा मिळेना, ही गोष्ट महाराजांच्या कानी गेली, आणि १९०१ च्या एप्रिलात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. मागोमाग मुसलमान, लिंगायत, शिंपी, सारस्वत अशी बोर्डिंगे निघत गेली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. कोल्हापुरास वसतिगृहांचे माहेरघर म्हणतात ते यामुळे.

ज्ञातिवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद वाढविला, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला व अधूनमधून आजही ऐकू येतो. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत या आक्षेपास बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. वस्तुस्थिती अशी, की जेथे मिश्र वसतिगृह कागदावर मिश्र आणि प्रत्यक्षात एकरंगी होत असे, तेथे प्रत्येक समाजास 'हे माझे दार' म्हणता येईल असे एक दार देणे हाच त्या वेळचा मार्ग होता. आपल्याच जातीच्या बोर्डिंगात येण्यास खेड्यातील बाप भीत नसे. देणगी देण्यास ज्ञातीतील व्यापारी कचरत नसे. नाशिकचे उदोजी मराठा वसतिगृह, आपल्या जिल्ह्यात १९१८ साली स्थापन झालेला जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरास उघडलेले वसतिगृह, हे सर्व त्याच मार्गावरचे मुक्काम होत. पण मुक्काम तो मुक्काम. तेथेच कायमचे घर बांधावे, असे शाहू महाराजांच्याही मनात नसावे.

पुढचा टप्पा कर्मवीर भाऊराव पाटील यांनी गाठला. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत, एका खोलीत निजत आणि एका दिव्याभोवती वाचीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. बोर्डिंगातील धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्र मोडावयास दिले, ही कथा सर्वश्रुतच आहे. या वसतिगृहातील मुलांना श्रम चुकत नसत. दळण, पाणी, स्वयंपाक, बागकाम सर्व त्यांनीच करावयाचे. त्यामुळे अभ्यासास वेळ कमी उरे. पण जो वेळ उरे तो निर्वेध असे, आणि समवयस्क मुले शेजारी वाचीत असल्याने आळस लाजून पळे. एकान्तातील अभ्यास आणि सोबतीतील अभ्यास यांत श्रेष्ठ कोणता, हा वाद विद्यार्थ्यांत नेहमी चालतो. मला विचाराल तर गणितास एकान्त आणि इतिहासास सोबत बरी. आणि झोप येऊ लागली, म्हणजे सर्वच विषयांस सोबत बरी.

रयतेचे लोण पुढे आपल्या तालुक्यातही आले. श्रीगोंद्याचे महादजी शिंदे विद्यालय हे रयत शिक्षण संस्थेचेच. आणि १९४७ च्या जूनमध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी नगरला अहमदनगर कॉलेज स्थापन केले. त्याच वर्षी साताऱ्यास भाऊरावांचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दोन दुष्काळी मुलखांत दोन महाविद्यालये उघडावी, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. श्रीगोंद्याच्या मुलास आता पुण्याऐवजी नगरला जाता येऊ लागले. शनिवारी घरी येऊन सोमवारी भाकरीचे गाठोडे घेऊन परतता येऊ लागले. पुढे श्रीगोंद्यातही महाविद्यालय झाले आणि मुलगा घरूनच शिकू लागला. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. महाविद्यालय घराजवळ आले आणि विद्यार्थी वसतिगृहातून पुन्हा त्याच दोन खणांच्या घरात आला. वाटेचा खर्च वाचला, जागेचा प्रश्न मात्र परत उभा राहिला.

त्याचे उत्तर आमच्या मुलांनी शेतात शोधले. हा तालुका एरवी अवर्षणाचा. घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी त्याचा काही भाग हिरवा केला, आणि लिंबांसाठी तर तो प्रसिद्ध झाला. लिंबोणीच्या बागेत दुपारी सावली दाट असते. काटे सोडले तर उपद्रव कोणाचा नाही. विहिरीवरील मोटारघर ही दुसरी जागा. तेथे विजेचा दिवा असतो, खाट असते, आणि रात्रीच्या पाळीची वीज आल्यावर पिकास पाणी देण्यासाठी कोणी तरी जागे राहावयाचेच असते. बापाचे पाणी भरणे आणि मुलाचे वाचणे एकाच दिव्यात होते. सुभेदार रामजींच्या तोडीची ही नवी आवृत्ती. कणसे दाण्यात आली की ज्वारीच्या राखणीचा माळा, भीमेकाठी पेडगावच्या बहादूरगडाच्या पडक्या तटाची सावली, शाळेमागचा व्हरांडा : जो तो आपापली जागा हेरून ठेवतो आणि सहसा दुसऱ्यास सांगत नाही.

शहरातील श्रमिकाच्या मुलास शेत नसते. मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. त्याच बी. डी. डी. चाळी. खोली १६० चौरस फुटांची. तीत सात-आठ माणसे, आणि कोकणातून किंवा घाटावरून आलेला पाहुणा निराळा. या घरांतून शिकलेल्या मुलांनी वरळीत आपली एक जागा निर्माण केली. सुदाम काळू अहिरे मार्ग हे तिचे महापालिकेच्या दप्तरातील नाव. लोक तिला अभ्यास गल्ली म्हणतात. रस्ता रुंद, रहदारी थोडी, दुतर्फा झाडे आणि रस्त्यावरचे दिवे. रात्री जेवण झाले की आसपासच्या चाळींतील मुले सतरंजी किंवा वर्तमानपत्र पसरून पदपथावर बसत. कोणी फेऱ्या मारीत पाठ करी, कोणी दिव्याखाली बीजगणित सोडवी. पिढ्यान् पिढ्या हे चालत आले आणि त्यातून अधिकारी, डॉक्टर, वकील, शिक्षक निर्माण झाले. ही गल्ली कोणा दात्याने दिलेली नाही, कोणत्या संस्थेने काढलेली नाही. मुलांनी तेथे बसावयास सुरुवात केली आणि शहराने त्यांस उठविले नाही, एवढाच तिचा स्थापनेचा इतिहास. पुढे महापालिकेने तेथे बसण्याची सोय केली व सुशोभन केले. चाळींच्या जागी आता उंच इमारती होत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या पाचशेहून अधिक कुटुंबांस पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या घरांत मुलास एक कोपरा नक्कीच मिळेल. तरीही काही मुले खाली गल्लीत येतीलच, असा माझा कयास आहे, कारण सवय आणि सोबत या गोष्टी चौरस फुटांत मोजता येत नाहीत.

ज्यांना गल्ली नाही, टेकडी नाही आणि घरही दूर, ती मुले आज पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत अभ्यासिकांतून बसतात. स्पर्धापरीक्षांची तयारी करणारा खेड्यातील तरुण महिन्याचे भाडे भरून एक क्रमांक घेतो. तीन बाजूंनी फळ्या, वर दिवा, एक खुर्ची. एकेकाळी जे ओवरी फुकट देई, ते आता दरमहा विकत घ्यावे लागते. पण ओवरी जात विचारी आणि अभ्यासिका विचारीत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. गरीब होतकरू मुलांसाठी पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती स्थापन केली. तिची वसतिगृहे आजही चालतात, आणि त्यांत प्रवेश मिळालेल्या मुलाचा अर्धा भार हलका होतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने खेडोपाडी अनुदानित वाचनालये झाली. त्यांतील एखाद्या खोलीस रात्री दहापर्यंत कुलूप न लावणे, एवढ्यानेही पुष्कळ काम होण्याजोगे आहे. त्यास नवी इमारत नको; किल्ली सांभाळणारा एक भला माणूस हवा.

इतका वेळ मी 'मुलगा' असेच लिहीत आलो आहे, आणि ते हेतुपुरस्सर. टेकडी, बाग, पदपथ, मोटारघर, देवळाची ओवरी, यांतील एकही जागा रात्री मुलीची नव्हती. आपल्या नगर शहराचा या बाबतीत एक मान आहे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण नगरास अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्याकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. पण घरात राहून शिकणाऱ्या स्त्रीची स्थिती पाहावयाची असेल, तर रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचाव्या. न्यायमूर्तींसारखा पती शिकविणारा, घर संपन्न, जागेस तोटा नाही. आणि तरीही रात्री माडीवर वाचावे आणि दिवसा खाली येऊन घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे ऐकावे. तिला खोली होती, दिवा होता. नव्हती ती केवळ मुभा. आज आपल्या घरांतील मुली महाविद्यालयात जातात, मुलांपेक्षा अधिक गुणही मिळवितात. पण परीक्षेच्या दिवसांत मुलगा 'मळ्यात वाचावयास जातो' म्हणून ताटावरून उठतो, आणि मुलगी ताटे उचलून, भांडी घासून, मग ओट्याच्या कडेस पुस्तक उघडते, हे दृश्य श्रीगोंदे तालुक्यातून नाहीसे झाले आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे.

संपादक मंडळास एक सूचना करावीशी वाटते. गुणवंतांच्या यादीत नाव, परीक्षा आणि शेकडा गुण असे तीन रकाने आपण छापतो. पुढील अंकापासून चौथा रकाना घालावा : 'अभ्यासाची जागा'. विद्यार्थ्यांकडूनच तो भरून घ्यावा. मुलांच्या नावांपुढे मळा, मंदिर, वाचनालय, मित्राची खोली असे काही ना काही येईल. मुलींच्या नावांपुढे काय येते, ते पाहण्याची मला विशेष उत्सुकता आहे.